डेल्मरच्या कागदावरची जास्तीची भोकं

आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मी सांगत नाही, कारण मग लोक बोटं मोजून माझं वय काढतात. पण एवढं सांगते, की त्यातली निम्मी वर्षं हॉटेलात जेवताना मी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसले आहे. माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, बाहेरच्या दाराकडे तोंड करून बसावं लागतं. आत कोण येतंय आणि त्याचे हात कुठे आहेत, हे त्याला दिसलं पाहिजे. आमच्याकडे तळ्याकाठी एक माशांचं हॉटेल आहे, तिथे लोक सूर्यास्त बघायला दुरून येतात. मी तिथल्या भांडी घासणाऱ्या बाईचं पोट दोनदा वाढताना पाहिलं. सूर्यास्त अजून पाहायचा आहे.

डेल्मर ट्रक नेहमी उलटा लावतो, म्हणजे निघायची वेळ आली तर सरळ निघता येईल. सीटच्या मागे एक पिशवी असते. तिच्यात रक्त थांबवायचे पट्टे, विजेरी, तीन दिवसांचं पाणी आणि माझ्यासाठी सपाट बुटांचा एक जोड, कारण उंच टाचांत मला पळता येणार नाही. उंच टाचा मी धाकट्या लेकीच्या लग्नानंतर घातलेल्या नाहीत, पण तयारी म्हणजे तयारी. आणि कमरेला उजव्या बाजूला पिस्तूल. वरून शर्ट सोडला की ते कुणाला दिसत नाही, असा त्याचा समज. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार सगळा. गावातली माणसं त्याला मिठी मारायची झाली तर डावीकडून मारतात.

मला बंदुकीचं वावडं आहे असं समजू नका. मी मिसुरीच्या याच डोंगरांत वाढले. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेल्या सापाचं डोकं मी मागच्या पायरीवरून उडवलेलं आहे, आणि परत येऊन त्याच हाताने बिस्किटं भट्टीत घातली आहेत. पण त्याला कुणी प्रशिक्षण म्हणत नाही. प्रशिक्षण म्हणजे डेल्मर. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढून त्याने जिवंत तारा जोडल्या, आणि हात थरथरला असा एक दिवस गेला नाही. असा माणूस निवृत्त झाला की त्या हातांना काहीतरी काम लागतं.

ते काम एका बातमीने दिलं. दुसऱ्या कुठल्याशा राज्यात, आमच्याएवढ्याच एका चर्चमध्ये, रविवारी सकाळी एक माणूस बंदूक घेऊन आत शिरला. डेल्मर जेवत होता. त्याने काटा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. आठवड्याच्या आत तो आमच्या पाळकांकडे गेला, आणि टेकडीवरच्या आमच्या बॅप्टिस्ट चर्चला रक्षक मंडळ मिळालं. उपासना चालू असताना दाराशी एक खुर्ची, आणि खुर्चीत डेल्मर.

देवाच्या कृपेने इतक्या वर्षांत त्या दारातून नको तो कुणी आला नाही. एकदा रात्रीच्या प्रार्थनेला छतात पावलं वाजली, चौघं पिस्तुलांवर हात ठेवून माळ्यावर चढले आणि रॅकूनची मादी चार पिल्लांसकट त्यांच्याकडे बघत बसली. साप साप म्हणून भुई धोपटली म्हणतात ते हेच. मंडळाच्या हातून एकच जीव वाचला, तोही मेजवानीत उकडलेलं अंडं घशात अडकलेल्या एका म्हाताऱ्याचा, आणि त्याला पिस्तूल लागलं नाही, पाठीत दणके लागले.

ते दणके केंड्राचे. केंड्रा शाळेची बस चालवते, आणि बसभर पोरांना आरशातून नुसतं बघून गप्प करते. नेमबाजीत तीच सगळ्यांत तरबेज. दुसरा डॉयल. त्याचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे, आणि त्याच्याच जमिनीवरच्या जुन्या खडीच्या खाणीत आमची चांदमारी चालते. तिसरा दातांचा डॉक्टर मेब्री. सामान विकत घेण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. त्याच्या जाकिटाला इतके खिसे आहेत की एकदा प्रार्थनेत त्याचा फोन वाजायला लागला, आणि प्रार्थना संपली तरी त्याला तो सापडला नव्हता.

वर्षातून एकदा या सगळ्यांची परीक्षा. नियम डेल्मरनेच घातलेले. पहिला नियम, वीस गोळ्या मारायच्या आणि वीसही कागदावर आखलेल्या रेषेच्या आत. एक बाहेर गेली की वर्षभर घरी. "बाहेर गेलेली गोळी विरघळत नाही," तो म्हणतो. "कुठेतरी जाऊन लागतेच." दुसरा नियम, आपल्याच कागदावर मारायचं. दुसऱ्याच्या कागदावर गोळी गेली तरी वर्षभर घरी. सबब नाही, पुन्हा संधी नाही. गेल्या वर्षी चर्चचा खजिनदार एका गोळीने नापास झाला. तो डेल्मरचा सख्खा मावसभाऊ. नाताळला आमच्याकडे जेवायला आला नाही. डेल्मर म्हणाला, "बरं झालं, टर्की पुरेल."

आता नाण्याचं सांगते. हात स्थिर आहे का हे बघायची यांची एक युक्ती असते. पिस्तूल रिकामं करायचं, रिकामं आहे हे पुन्हा पुन्हा बघायचं, मग नळीच्या पुढच्या टोकावर एक नाणं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं नाही तर हात चांगला. डेल्मर हे रोज संध्याकाळी बैठकीच्या खोलीत करायचा, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरून. मला स्वयंपाकघरात एवढंच ऐकू यायचं, खट्. मग शांतता. वर्षानुवर्षं तसंच. गेल्या हिवाळ्यात त्या खट् च्या मागून टिण् यायला लागलं. आधी एखाद्या दिवशी, मग रोज, आणि पुढे पुढे तर खट् व्हायच्या आधीच टिण्.

मग एक दिवस टिण् थांबलं. माझ्या जिवात जीव आला. हात पुसत मी बाहेर गेले, तर डेल्मरने न्हाणीघरातली जाड पायपुसणी आणून पायाशी अंथरली होती.

मी न्हाणीघरात ओल्या पायांनी घसरत राहिले.

डॉक्टरने सांगितलं, जिवाला धोका नाही, आईच्या बाजूने आलेला कंप आहे, हळूहळू वाढेल. डेल्मरने मला बजावलं, कुणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ही मूठ झाकली तरी हलायची, त्याला काय करणार? प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाच्या चिमुकल्या पेल्यांचं ताट घेऊन तो बाकांमधून निघाला, की पेले असे किणकिणायचे की शेवटच्या बाकालाही तो कुठवर आलाय ते कळायचं. सगळं चर्च डोळे मिटून बसायचं. डेल्मरला वाटायचं लोक फार भाविक झालेत.

"या वर्षी तू कागद मोज," मी एकदा नाश्त्याला विषय काढला. "नेमबाजी त्या तिघांना करू दे."

"आणि दाराशी कोण बसेल?"

"केंड्रा बसेल."

"केंड्रा चांगली आहे. पण वळणावरून वर येणारी गाडी कुणाची, हे तिला आवाजावरून कळत नाही."

"बस चालवते ती, डेल्मर."

"तेच म्हणतोय मी. तिला बसशिवाय काही ऐकूच येत नाही."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी दया आली, आणि नवऱ्याची दया येणं फार वाईट. रागाचं भांडून भागतं. ती खुर्ची गेली तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, हा मला घोर. आणि खुर्ची राहिली तर? दाराच्या बाजूला एक पातळ भिंत आहे आणि भिंतीपलीकडे पोरांची रविवारची शाळा भरते. हा त्याहून मोठा घोर. या दोन घोरांच्या मधे मी पूर्ण वसंत काढला, आणि चांदमारीचा शनिवार उजाडला.

खाणीवर दुर्बीण आणि शिट्टी माझ्याकडे असते. एक शिट्टी झाली की मारायचं, दुसरी झाली की थांबायचं. मागच्या टेबलावर हॅम घातलेले बीन्स, कॉर्नब्रेड आणि मेब्रीच्या बायकोचं बटाट्याचं सॅलड, जे आम्ही सगळे ख्रिस्ती प्रेमाने खातो. डावीकडे केंड्रा, मग डॉयल, मग डेल्मर, उजव्या टोकाला मेब्री. मेब्रीने नवा चष्मा आणला होता, पिवळ्या काचांचा.

"याने निशाण उठून दिसतं, सिस्टर अर्लीन."

"मग डॉक्टर, मागच्या महिन्यात माझा दात काढताना का नाही लावलात? शेजारचाच काढत होतात."

डॉयल घसा खाकरून म्हणाला, "ब्रदर डेल्मर, आज वारा जरा जास्तच आहे. नेम इकडचा तिकडे झाला तर कुणी काही म्हणणार नाही."

"एवढ्याशा अंतरात वारा काय करणार?" डेल्मर म्हणाला. "का तू बीन्स आधीच खाल्लेस?"

सगळे जरा जास्तच मोठ्याने हसले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मी शिट्टी वाजवली. डेल्मरच्या कागदामागच्या मातीच्या बांधावर धूळ उडाली. कागद कोरा. पुन्हा धूळ, पुन्हा कोरा. मग एक लागली, कडेला, पण रेषेच्या आत. मी श्वास सोडला. त्यानंतर कागदाच्या मधोमध, जिथे छाती काढलेली असते, तिथे एक सुरेख भोक पडलं. गंमत अशी, की त्या क्षणी डेल्मर पिस्तूल खाली करून दम घेत होता.

मी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. आणखी एक भोक पडलं. मी दुर्बीण डावीकडे फिरवली. केंड्राचे पाय तिच्या कागदाकडे, खांदे तिच्या कागदाकडे, आणि मनगटं मात्र जरा उजवीकडे वळलेली. डॉयलची जीभ बाहेर आली होती आणि तो घामाघूम झाला होता. आयुष्यात कधी कुणाला दोन पैशांनी फसवलं नाही बिचाऱ्याने, त्याला ते जमत नव्हतं. आणि मेब्री? त्याची मदत रेषेला चाटून गेली. निदान मदत करताना तरी नीट नेम धर, असं ओरडावंसं वाटलं मला.

डेल्मर मात्र आपला समोर बघून मारत होता. दात आवळलेले, कोपर अंगाशी दाबलेले, आणि पिस्तुलाचं टोक वाऱ्यावरच्या पानासारखं हलतंय. त्याची शेवटची गोळी सुटली तेव्हा बांधावर धूळ उडालीच नाही. बांधाच्या वर, मागच्या ओकच्या झाडांत, एक फांदी हलली. त्या बाजूला डॉयलच्या रानाशिवाय काही नाही, हे मला माहीत होतं, तरीही मी शिट्टी फुंकली ती फुंकतच राहिले.

पिस्तुलं रिकामी करून, उघडी, टेबलावर ठेवली गेली आणि सगळे कागदांकडे चालत गेले. डेल्मरने खिशातलं पेन काढलं आणि एकेका भोकाशी खूण करत मोजलं. प्रत्येक खुणेला कंपाची एक शेपटी येत होती. मोजून झाल्यावर त्याने पुन्हा मोजलं.

"तेवीस," तो म्हणाला.

मेब्री चष्मा पुसायला लागला.

"मी वीस मारल्या. तेवीस लागल्या. डॉयल, तुझ्या दुकानात पोत्यामागे एवढं वरचं फुकट मिळतं का रे?"

डॉयलने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "जुनी भोकं असतील, ब्रदर डेल्मर. कागद गेल्या वर्षीचे असतील."

"कागदांचा गठ्ठा मी आज सकाळी फोडला."

"कधी कधी गोळी हवेतच फुटते," मेब्री म्हणाला. "दोन तुकडे होतात. मी वाचलंय."

"कुठे?"

"माझ्या दवाखान्यातल्या मासिकात. बाहेर ठेवलेलं असतं ते."

"सुतारपक्षी," केंड्रा पुटपुटली.

"काय?"

"सुतारपक्षी असेल, सर. या बाजूला फार आहेत."

डेल्मर बाकीच्या कागदांपाशी गेला. सगळ्यांचे नेम झकास, एक भोक रेषेबाहेर नाही. पण एकावर चौदा, एकावर सोळा, एकावर पंधरा.

"यांच्या उरलेल्या गोळ्या पण सुतारपक्ष्याने नेल्या का?"

केंड्रा सरळ उभी राहिली. "माझ्या सहा तुमच्याकडे आल्या, सर."

डॉयल तिच्याकडे बघतच राहिला. "तू पण?"

"तू पण म्हणजे?"

"माझ्या चार होत्या," डॉयल म्हणाला. "मला वाटलं, एवढ्याने भागेल."

"अरे देवा," मेब्री म्हणाला, "मला वाटलं मी एकटाच देतोय. मी पाच दिल्या. म्हणजे तेवीसमधून सहा, चार आणि पाच वजा केले, की ब्रदर डेल्मरच्या स्वतःच्या..."

केंड्राने त्याच्या पायावर पाय दिला. तिचे बूट जड असतात. हिशेब तिथेच राहिला.

डेल्मर आता ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्याच्या कागदावर गोळी. नियम काय आहे?"

"वर्षभर घरी, सर."

"मग तिघंही."

"पण आम्ही ते तुमच्यासाठी..." केंड्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याशिवाय ती खुर्ची कशी दिसेल, सर?"

"केंड्रा, तुझ्या गोळ्या डॉयलच्या समोरून तिरक्या गेल्या. सहाच्या सहा. त्याने नुसतं एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर त्याच्या बायकोला मी काय सांगणार होतो? म्हाताऱ्याची लाज राखताना गेला म्हणून?"

डॉयलने आपल्या पायांकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"आणि मी पण घरी," डेल्मर म्हणाला. "त्या तेवीसमधल्या माझ्या किती, ते डॉक्टर मेब्री तोंडी सांगतील. चला, जेवायला."

सगळे पोटभर जेवले. बॅप्टिस्ट माणूस दुःखात असला तरी ताट टाकत नाही. मेब्रीच्या बायकोचं सॅलडसुद्धा संपलं, त्यावरून काय ते समजा.

परतताना ट्रक डेल्मरच चालवत होता. त्याने विचारलं, "खरं सांग. त्यातली माझी किती?"

"मेब्रीला फोन कर. त्याचा हिशेब होत आलाय."

तो हसला नाही. मग मी सांगितलं, "आठ."

"मी नऊ धरल्या होत्या."

"नववी केंड्राची. डावीकडून आली."

"एक तरी मला सोडायची होतीस, अर्लीन."

"तुझ्याच नियमात बसत नाही."

तो मान हलवत राहिला. "आणि बाकीच्या? बांधात?"

खोटं बोलायची वेळ ती होती. ओठांवर आलंही होतं, हो, सगळ्या बांधात. कुणाचं काय बिघडलं असतं? पण मला ती पातळ भिंत दिसली. भिंतीवर चिकटवलेली पोरांची चित्रं दिसली.

"एक वरून गेली," मी म्हटलं. "शेवटची."

त्याने ट्रक कडेला घेतला, आरशात न बघता. इतक्या वर्षांत आरशात न बघता त्याने काही केलेलं मला आठवत नाही.

"मला वाटलंच," तो म्हणाला. "धूळ उडाली नाही तेव्हा. देवाला म्हटलं, कुणी बघितलेलं नसू दे. आणि लगेच म्हटलं, नको, कुणीतरी बघितलेलं असू दे."

"मी बघितलं."

"तिथे पोरं असतात, अर्लीन. भिंतीपलीकडे."

"हो."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"बोलले की. तू केंड्राच्या कानांचं सांगत बसलास. आणि खरं सांगू? पायपुसणीवर उभ्या असलेल्या माणसाला काय बोलणार?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "तुला कळलं होतं?"

"दोनदा पडले मी न्हाणीघरात."

तो हसायला लागला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसला, आणि मग हसता हसता जे व्हायचं ते झालं. ते मी लिहीत नाही, कारण तो हे वाचणार आहे. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. शेजारून तीन गाड्या गेल्या, तिन्ही ओळखीच्या, तिघांनी हात केला आणि मी तिघांना हात केला.

मग त्याने कमरेचं पिस्तूल काढलं, रिकामं केलं, आतली पोकळी मला दाखवली आणि ते माझ्या हातात दिलं. मीही आत बोट घालून चाचपून पाहिलं, त्याने शिकवलंय तसं. वेळ लाडाची असली तरी शिस्त ती शिस्त. "घरी गेल्यावर तिजोरीत टाक," तो म्हणाला, "आणि आकडा बदल. मला सांगू नकोस."

घरी येऊन तो फोनला चिकटला. रविवारी दाराशी उभं राहायला माणूस हवा होता आणि आमचं सगळं मंडळ एका दमात नापास झालं होतं. खालच्या रस्त्याला, जुन्या टायरच्या दुकानात, पेंटेकोस्टल लोकांचं चर्च आहे. त्यांच्याकडून माणूस उसना मागणं म्हणजे आमच्या नाकाला मिरच्या झोंबण्यासारखं. आम्ही गाताना पायाचा अंगठाही हलवत नाही, ते बाकांवर चढतात. पण डेल्मरने मागितला. मग केंड्रा, डॉयल आणि मेब्रीला एकेक करून फोन केला. पुढच्या शनिवारपासून पहिला धडा पहिल्यापासून, प्लास्टिकच्या पिस्तुलांनी, आणि शिकवणार तो. वर्षभर तेच. शिट्टीसुद्धा त्याने माझ्याकडून काढून घेतली. मेब्रीने विचारलं म्हणे, प्लास्टिकच्या पिस्तुलासाठी कमरेला अडकवायचं वेगळं होल्स्टर घ्यावं लागेल का.

रविवारी उसना माणूस आला. ब्रदर टिमन्स, दाराएवढा उंच, जरा दारापेक्षा रुंदच. डेल्मरने त्याला वळण दाखवलं, मागचं दार दाखवलं, पोरांच्या खोलीची भिंत दाखवली, आणि ती खुर्ची दाखवली. मग तो बाकांमधून चालत माझ्यापाशी आला. सगळं चर्च बघत होतं आणि बघत नसल्याचं दाखवत होतं. त्याला कुठे बघायचं ते कळेना. दर मिनिटाला तो मान वळवून मागे बघे, आणि दर मिनिटाला मी त्याला कोपर मारी.

पाळकांनी प्रार्थना सुरू केली. पहिलंच वाक्य झालं, आणि ब्रदर टिमन्सने दोन्ही हात छताकडे उंचावून अशी "हालेलुया!" ठोकली की मिसेस स्टबलफील्डचं कानातलं यंत्र खाली पडलं.

डेल्मर मागे बघून पुढे वळला. "दोन्ही हात वर, अर्लीन," तो कुजबुजला. "दोन्ही."

"प्रार्थना कर."

"आता कुणी आत आलं तर त्याला वाटेल, हा आधीच शरण आलाय."

"डेल्मर!"

मग गाण्याला उठलो. मी गीतांचं पुस्तक उघडलं, त्याने सवयीने एक बाजू धरली, आणि पान थरथरायला लागलं. ओळी अशा हलायला लागल्या की मला वाचता येईना. तो हात काढून घ्यायला लागला. मी त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि पुस्तक दोघांच्या मधे घट्ट धरलं. तरी हलतच होतं, पण आता दोघांच्या हातात हलत होतं. मला ते गाणं लहानपणापासून पाठ आहे. पुस्तकाची गरज नव्हती.

डेल्मरने तोंड उघडलं आणि गायला लागला. माझ्या नवऱ्याचा गळा कसा आहे ते मी विसरूनच गेले होते. तो सुराच्या आसपाससुद्धा नव्हता. तो जोरात गातो, आणि चुकला की आणखी जोरात गातो. पुढच्या बाकावरून मिसेस स्टबलफील्डने वळून बघितलं. कडव्याच्या शेवटी तिने पुन्हा वळून बघितलं. तेव्हा मी तिच्याकडे असं बघितलं, की गाणं संपेपर्यंत ती तिसऱ्यांदा वळली नाही.